बाहा हा-हा रॅली दोघांनीच करायची असेल तर

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत किंवा सॅन डिएगोत शिडाची बोट चालवायला शिकलेली मराठी जोडपी भेटली, की चार गप्पांनंतर एक प्रश्न हमखास येतो: खाडीबाहेरचा पहिला लांबचा प्रवास कोणता करावा? आमचं उत्तर ठरलेलं आहे, बाहा हा-हा. सॅन डिएगोहून निघून मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या कडेकडेने थेट दक्षिण टोकाला, काबो सान लुकासला जायचं. अंतर साधारण ७५० सागरी मैल, म्हणजे १,३९० किलोमीटर. वाटेत मुक्काम दोनच, बाहिया तोर्तुगास आणि बाहिया सांता मारिया. 'लॅटिट्यूड ३८' या कॅलिफोर्नियातल्या नौकानयन मासिकाच्या मंडळींनी १९९४ मध्ये ही रॅली सुरू केली. पुढे अनेक वर्षं शंभराहून अधिक बोटी एकत्र निघत आल्या आहेत.

रॅली म्हणजे शर्यत नव्हे. वारा पडला तर इंजिन लावायला कोणी हरकत घेत नाही. तिच्याकडून तीन गोष्टी मिळतात: ठरलेली तारीख, रोज सकाळी रेडिओवरची हजेरी आणि हवामानाचा अंदाज, आणि आसपास कुठेतरी आपल्यासारख्याच बोटी असल्याचा धीर. तारीख ठरल्यामुळे 'पुढच्या वर्षी जाऊ' हे पालुपद बंद होतं, आणि माझ्या मते हाच तिचा सगळ्यात मोठा उपयोग. पण रात्री तीन वाजता कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेत, तुमच्यापैकी एकच जण असतो आणि दुसरा झोपलेला असतो, तिथे ताफा काही कामाचा नाही. चारपाच जणांच्या बोटीवर झोपेचा प्रश्न आपोआप सुटतो. दोघांच्या बोटीवर मात्र झोप पाण्याच्या टाकीसारखी मोजून वापरावी लागते, आणि पुढची बरीचशी तयारी तिच्याभोवतीच फिरते.

आधी तारीख समजून घ्या

नारळी पौर्णिमेआधी आपल्याकडे कोळी होडी समुद्रात लोटत नाहीत, तसंच इथलंही गणित ऋतूचं आहे. पूर्व पॅसिफिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १५ मे ते ३० नोव्हेंबर धरतात. ऑक्टोबर सरता सरता समुद्र निवू लागतो आणि वादळांची शक्यता झपाट्याने उतरते. म्हणून रॅली ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघते. तुमच्या विमा कंपनीचंही ऐकावं लागतं. अमुक तारखेआधी अमुक अक्षांशाच्या दक्षिणेला बोट नेली तर संरक्षण नाही, असं कलम बहुतेक पॉलिसींत असतं आणि ती तारीख पुष्कळदा १ नोव्हेंबर असते. पॉलिसीचं ते पान उन्हाळ्यातच वाचा.

या दिवसांत किनाऱ्यालगतचा वारा मुख्यतः वायव्येकडून असतो. म्हणजे तो तुमच्या पाठीशी, कॅलिफोर्निया प्रवाह दक्षिणेकडे वाहणारा म्हणून तोही सोबतीला, आणि दर दिवसागणिक हवा जरा जास्त उबदार. पहिल्या लांब प्रवासाला याहून सोयीची वाट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मला तरी माहीत नाही. तरीही चक्रीवादळाची शक्यता शून्य नसते, त्यामुळे रोजचा अंदाज पाहणं सुटत नाही.

दोघंही बोट एकट्याने चालवू शकता का?

नोंदणी करण्याआधी हा प्रश्न एकमेकांना विचारा आणि उत्तर खरं द्या. कित्येक जोडप्यांत एक जण कॅप्टन असतो आणि दुसरा जण दोर ओढतो, फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून लावायचे फुगे) लावतो, चहा करतो. एका दुपारच्या सहलीत हे चालून जातं. रात्रीच्या पाळीत चालत नाही, कारण तेव्हा जागा असलेला माणूसच कॅप्टन असतो. आमच्या घरात हा विषय बराच तापला होता. शेवटी ठरलं, की उन्हाळाभर एक आठवडा नवऱ्याचा, एक आठवडा माझा. ज्याचा आठवडा, त्यानेच बोट धक्क्याबाहेर काढायची, शिडं चढवायची, नांगर टाकायचा आणि परत आणून लावायची. दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. (हे शेवटचं सगळ्यात अवघड.)

अमेरिकन सेलिंग असोसिएशनच्या पायऱ्यांनी शिकत असाल तर १०१, १०३ आणि १०४ या पायऱ्या दोघांनीही पूर्ण केलेल्या असाव्यात. १०६ म्हणजे किनारी प्रवासाची प्रगत पायरी, तिच्यात रात्रीचं नौकानयन येतं. एकाने ती केली असेल तर उत्तम, दोघांनी केली असेल तर फारच उत्तम. प्रमाणपत्रापेक्षा मोलाची मात्र प्रत्यक्ष रात्र. निघण्याआधी दोघांनीच, तिसरा माणूस न घेता, पूर्ण रात्र बाहेर काढलेली हवी. दक्षिण कॅलिफोर्नियात असाल तर चॅनल बेटांच्या बाजूला रात्रभर जाऊन या. सॅन फ्रान्सिस्कोकडच्यांना बोट आधी सॅन डिएगोला आणावीच लागते, तीच त्यांची परीक्षा. हाफ मून बे, माँटरे, तिथून मोरो बेपर्यंत शंभरेक मैल रात्रीतून, आणि मग पॉइंट कन्सेप्शन. या टोकाला दुपारी वारा आणि लाट दोन्ही चढतात, म्हणून मध्यरात्रीनंतर ते पहाटेच्या दरम्यान वळसा घालायची रीत आहे. सॅन फ्रान्सिस्को ते सॅन डिएगो हा भाग रॅलीपेक्षा अवघड असतो, हे लोक फारसं बोलून दाखवत नाहीत. त्यासाठी सप्टेंबरमध्येच वेळ काढा.

माणूस पाण्यात पडण्याचा सरावही दोघांच्या हिशेबाने करा. पुस्तकात एक जण पडलेल्याकडे हाताने खूण करत राहतो, दुसरा सुकाणू धरतो, तिसरा शीड उतरवतो. तुमच्याकडे पडलेला वजा केला की उरतो एक. त्याला बोट थांबवणं, जीपीएसवर जागा नोंदवणं, कड्यासारखी तरंगती दोरी टाकणं, रेडिओवर मेडे (संकटाची हाक) देणं आणि ओला, जड झालेला माणूस वर घेणं, सगळं एकट्याला करायचं आहे. शांत बंदरात, उन्हाच्या दुपारी, हॅलयार्ड (शीड चढवायचा दोर) आणि विंच (दोर ओढायची चरखी) वापरून नवऱ्याला पाण्यातून वर काढून पाहा आणि मग त्याला तुम्हाला काढू द्या. एकदा हे केलं की टेदर (माणसाला बोटीशी जोडून ठेवणारा पट्टा) बांधण्याबद्दल कोणाला समजवावं लागत नाही.

बोटीत काय हवं

रॅलीला किमान २७ फुटांची, खुल्या समुद्रासाठी बांधलेली आणि नीट राखलेली बोट लागते. यादी मोठी आहे आणि आयोजक ती देतातच. दोघांच्या दृष्टीने जे निर्णायक आहे तेवढंच इथे लिहिते.

ऑटोपायलट, म्हणजे आपोआप सुकाणू धरणारं यंत्र, हा तुमचा तिसरा खलाशी. तो बंद पडला तर जागा असलेल्याला पूर्ण पाळी हाताने सुकाणू धरावं लागतं आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत दोघांचीही दमछाक होते. शक्य असेल तर सुटा दुसरा ऑटोपायलट किंवा वाऱ्यावर चालणारं विंडव्हेन ठेवा. दोन्ही नसेल आणि पहिल्याच रात्री ऑटोपायलट गेला, तर मेक्सिकोतल्या एन्सेनाडा बंदरात आत वळा. ताफा पुढे गेला म्हणून हळहळू नका.

त्याच्यामागोमाग वीज. समजा ऑटोपायलट सरासरी ४ अँपिअर ओढतो, तर २४ तासांत एकटाच ९६ अँपिअर-तास खातो. त्यात फ्रिज, रडार, एआयएस (बोटींची जागा एकमेकींना कळवणारी रेडिओ यंत्रणा), दिवे मिळवा. एक दिवस बोट धक्क्याला असतानाच किनाऱ्याची वीज तोडून सगळं चालू ठेवा आणि संध्याकाळी बॅटरी पाहा, म्हणजे कागदावरचा हिशेब किती खरा ते कळेल. एआयएस केवळ घेणारा नको, आपली जागा पाठवणाराही हवा. मोठ्या जहाजांच्या पडद्यावर दिसणं हीच छोट्या बोटीची ढाल.

वारा मागून असल्यामुळे बूमला (मोठ्या शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला) प्रिव्हेंटर, म्हणजे ती जागच्या जागी धरून ठेवणारा दोर, लागतोच. झोपाळलेल्या माणसाच्या पाळीत नकळत जाइब झाला, म्हणजे मागून येणाऱ्या वाऱ्याने शीड एका बाजूहून दुसरीकडे फेकलं गेलं, तर बूम डोक्यावरून जाते किंवा डोक्यालाच लागते. प्रिव्हेंटरचा दोर कॉकपिटमधूनच बांधता-सोडता यावा.

डिझेलचाही हिशेब मांडा. इंजिन ताशी ३ लिटर खाऊन ६ नॉटने (ताशी ६ सागरी मैल) नेत असेल, तर पहिल्या ३६० मैलांसाठी ६० तास आणि १८० लिटर लागतील. बऱ्याच बोटींची टाकी एवढी नसते. तोर्तुगासला डिझेल मिळतं, पण तिथवर वारा पडला तरी पोचता येईल एवढे जादा कॅन बांधून ठेवा.

आणि झोपायला मधल्या भागातला बर्थ, कापडी कठड्यासह. पुढच्या टोकाची ती देखणी डबल बेडची केबिन लाटांवर झोपाळ्यासारखी वरखाली होते. ती बंदरासाठी.

कागदपत्रं, विशेषतः भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी

अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून मेक्सिकोत जायला वेगळा मेक्सिकन व्हिसा लागत नाही. पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का संपलेला असेल, नुसतंच आय-७९७ (अमेरिकी इमिग्रेशनची मंजुरीची नोटीस) हातात असेल, तर मात्र गृहीत धरू नका. मेक्सिकोत शिरतानाही अडचण आणि काबोहून विमानाने परतताना त्याहून मोठी. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असलेल्यांनी तर वकिलाला विचारल्याशिवाय बोट सोडूच नये. निघायच्या महिनाभर आधी मेक्सिकन वाणिज्य दूतावासाच्या पानावर नियम ताडून पाहा.

बोटीसाठी तात्पुरत्या आयातीचा परवाना काढावा लागतो, त्याला सगळे टीआयपी म्हणतात. तो १० वर्षांपर्यंत चालतो आणि ऑनलाइन निघतो. अर्जात हलचा (बोटीच्या सांगाड्याचा) आणि इंजिनाचा क्रमांक लागतो, तो आधी शोधून फोटो काढून ठेवा. इंजिनाची पाटी नेहमी अशा जागी असते जिथे डोकं जात नाही. माणसांसाठी पर्यटक परवाना, जास्तीत जास्त १८० दिवसांचा. मेक्सिकोत ग्राह्य असलेला तृतीय-पक्ष विमा वेगळा घ्यावा लागतो, मरिना तो मागतात. बोटीवर मासेमारीचा गळ असेल तर बोटीवरच्या प्रत्येकाकडे मासेमारी परवाना हवा, गळ टाकणारा एकच असला तरी. एन्सेनाडात बंदर कार्यालय, इमिग्रेशन, कस्टम्स असं सगळं एका छताखाली आहे. प्रवेशाची नोंद कुठे करायची ते त्या वर्षीच्या रॅलीच्या सूचनांप्रमाणे करा. नोंद होईपर्यंत पिवळा क्यू झेंडा (नोंद बाकी असल्याची खूण), मग मेक्सिकोचा. सगळ्या कागदांच्या तीनतीन प्रती काढा.

जेवण आणि पोट

लाट लागण्याची गोळी त्रास सुरू झाल्यावर घेतली तर उलटीबरोबर बाहेर येते. ती आदल्या रात्री घ्यायची असते. कानामागे लावायच्या स्कोपोलामिनच्या पट्टीला डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि ती प्रत्येकाला मानवत नाही, तेव्हा घरी लावून पाहा. कोणती औषधं कोणाला झोप आणतात हे आधी कळणं पाळ्या आखण्यासाठीही गरजेचं आहे.

पहिले चोवीस तास स्वयंपाक करायचाच नाही असं धरून चाला. दशम्या, कोरडी चटणी, उकडलेले बटाटे, आलेपाक, केळी. दुसऱ्या दिवसापासून प्रेशर कुकर. गोऱ्या सहप्रवाशांना याचं मोठं अप्रूप वाटतं, पण हलत्या बोटीवर याच्यासारखं भांडं नाही: झाकण पक्कं बसतं, त्यामुळे उकळतं अन्न अंगावर सांडत नाही, आणि गॅसही कमी लागतो. मुगाची खिचडी एकदा लावली की दोन पाळ्यांना पुरते. वाडग्यात खायची, ताटात नाही. रात्रपाळीसाठी लाडू, चणे-दाणे आणि थर्मासभर आल्याचा चहा कॉकपिटमध्येच ठेवा, म्हणजे खाण्यासाठी खाली उतरून भांडी वाजवून झोपलेल्याला उठवायला नको.

पाळ्या

नोव्हेंबरच्या सुरुवातीला या अक्षांशांवर रात्र जवळपास १३ तासांची असते. एवढी लांब रात्र दोघांत वाटायची. तीन-तीन तास, चार-चार तास, सहा-सहा तास असे सगळे प्रकार लोक करतात. माझं मत: पहिल्या रात्री तीन-तीन तासांच्या पाळ्या, कारण त्या रात्री तशीही कोणाला नीट झोप लागत नाही आणि भीती तीन तासच टिकवायची असते. संध्याकाळी ७ ते १० पहिला, १० ते १ दुसरा, १ ते ४ पुन्हा पहिला, ४ ते ७ दुसरा. दिवसा प्रत्येकी आणखी एक तीन तासांची झोप, आणि ती सक्तीची. 'मला झोप नाही येत, मी बसतो तुझ्यासोबत' हे ऐकायला गोड असलं तरी त्याची किंमत पुढच्या पहाटे मोजावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री शरीर रुळलं की चार-चार तास. पाळ्यांची अदलाबदल रोज करू नका. ज्याला पहाट सोसते त्याची पहाट कायम ठेवा, तीन दिवसांत शरीराला सवय लागते.

पाळी बदलताना दहा मिनिटं दोघंही वर हवेत. अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो, म्हणून खाली लाल दिवा वापरा. जाणाऱ्याने सांगायचं: दिशा, वारा, कोणती जहाजं दिसताहेत आणि कुठे चालली आहेत, बॅटरी किती, इंजिन कधी लावलं. दर तासाला जागा कागदी वहीत लिहायची. पडदे बंद पडतात, वही पडत नाही. जाइब करायचा असेल, शीड कमी-जास्त करायचं असेल, तर ते याच दहा मिनिटांत उरका, दोघं जागे असतात तेव्हा.

अंधार पडायच्या आत स्पिनाकर (पुढचं फुगणारं हलकं शीड) खाली घ्या आणि मोठ्या शिडाला एक रीफ घाला, म्हणजे ते थोडं गुंडाळून लहान करा, वारा कितीही गरीब दिसला तरी. अर्धा नॉट वेग जातो, पण रात्री दोन वाजता झोपलेल्याला 'ऊठ, शीड उतरवायचंय' म्हणायची वेळ येत नाही. इतर बोटी पुढे जाताना दिसतील. जाऊ द्या.

आता न मोडायचे नियम. रात्री एकट्याने कॉकपिट सोडून डेकवर पाऊल टाकायचं नाही. जायची गरज पडली तर दुसऱ्याला उठवायचं. कॉकपिटमध्येही लाइफजॅकेट आणि टेदर, जिन्यातून वर डोकं काढण्याआधी टेदर अडकवलेला. पुरुषांनी कठड्याशी उभं राहून लघवी करायची नाही, खाली संडास आहे किंवा डबा आहे. शंका आली की उठवायचं, आणि उठणाऱ्याने त्याबद्दल एक शब्दही वाकडा बोलायचा नाही. एकदा जरी 'एवढ्यासाठी उठवलंस?' असं ऐकलं, तर पुढच्या वेळी माणूस उठवायला कचरतो, आणि खरा धोका त्या कचरण्यात असतो.

क्षितिजाकडे किती वेळाने पाहायचं? समोरून २० नॉटने जहाज येतंय आणि तुम्ही ६ नॉटने जाताय, तर दोघांमधलं ५ मैलांचं अंतर साडेअकरा मिनिटांत संपतं. म्हणून दहा मिनिटांचा टायमर लावा आणि दर वेळी उठून चारही दिशांना पाहा, मागेसुद्धा. पहिल्या रात्री जहाजांपेक्षा रॅलीच्याच बोटी जास्त जवळ येतात. सगळ्यांचं लक्ष्य एकच, त्यामुळे एआयएसचा पडदा त्रिकोणांनी भरून जातो आणि धोक्याच्या घंटा वाजतच राहतात. त्या वैतागून बंद करू नका. अंतराची मर्यादा कमी करा, किंवा दोनचार मैल समुद्राकडे सरकून गर्दीबाहेर व्हा.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट, घड्याळ. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तास मागे जातो, बाहा कॅलिफोर्निया सूर राज्याची वेळ वेगळी, फोन आपल्या मर्जीने बदलतो. रेडिओची हजेरी आणि पाळ्या यांसाठी एक भिंतीवरचं घड्याळ निघताना लावा आणि काबोपर्यंत त्याला हात लावू नका.

टप्पा पहिला: सॅन डिएगो ते बाहिया तोर्तुगास, सुमारे ३६० मैल

तिन्हींत सगळ्यात लांब आणि सगळ्यात थंड. रात्री ऊबदार टोपी, हातमोजे, पावसाळी पँट, सगळं लागतं. मेक्सिको म्हणून चड्डी-बनियनवर आलेले पहिल्याच रात्री कुडकुडतात. साडेपाच नॉटच्या सरासरीने ६५ तास लागतात. समजा सोमवारी सकाळी ११ ला निघालात, तर गुरुवारी पहाटे ४ ला तोर्तुगासच्या तोंडाशी. म्हणजे काळोखात. खाडीच्या तोंडाशी खडक आहेत, तेव्हा आदल्या संध्याकाळीच वेग कमी करा आणि उजाडल्यावर आत शिरा. पोचायची वेळ निघतानाच मोजायची सवय इथूनच लागते.

वाटेत सान हेरोनिमो बेटाजवळचा सॅक्रामेंटो रीफ दुरून, बाहेरून टाळा. इथल्या सागरी नकाशांचा पाया बऱ्याच ठिकाणी १८७० च्या दशकातली सर्वेक्षणं आहेत, आणि काही भागांत जमीन नकाशापेक्षा मैलभरसुद्धा सरकलेली निघते. पडद्यावरची बोट सुरक्षित पाण्यात दिसते म्हणून ती तिथेच असेल असं नाही. रडार आणि खोलीमापक यांच्याशी ताडून पाहा. किनाऱ्यालगत लॉब्स्टरच्या सापळ्यांचे तरंगे असतात, दोर पंख्यात अडकतो. रात्री खोल पाण्यातच राहा. साधारण अर्ध्या वाटेवर सान किंतिनला नांगर टाकून एक रात्र पूर्ण झोप घेता येते. ताफ्यातले फार कमी तिथे थांबतात, पण दोघांच्या बोटीसाठी मला तो मुक्काम शहाणपणाचा वाटतो. पुढे सेद्रोस बेटाच्या आसपास वारा कधी एकदम पडतो, कधी डोंगरावरून कोसळतो.

तोर्तुगास म्हणजे धुळीचं छोटंसं मच्छीमार गाव. पांगा नावाच्या लांब उघड्या होड्यांतून डिझेल बोटीपर्यंत येतं. गावकऱ्यांबरोबर बेसबॉलचा सामना ही रॅलीची जुनी प्रथा, नेम धरता न येणाऱ्यांनाही खेळायला घेतात. पहिल्या दिवशी मात्र आधी झोपा.

टप्पा दुसरा: बाहिया सांता मारिया, सुमारे २४० मैल

पाणी निळं होतं, मोजे निघतात. बहुतेकांना हाच टप्पा आवडतो, कारण वारा बऱ्याचदा स्थिर असतो. अब्रेओहोसच्या भूशिराभोवती उथळ जागा आहेत, त्या बाहेरूनच ओलांडा. सांता मारिया काबो सान लासारोच्या आड आहे. तिथे गाव नाही, मच्छीमारांच्या झोपड्या आणि खारफुटीतून जाणारी खाजण. दुकान नाही, पाणी नाही, म्हणून तोर्तुगासलाच सगळं भरून घ्या. किनाऱ्यावर लाट फुटते. डिंगीतून (सोबतच्या छोट्या होडीतून) उतरायचं तर लाटांचे गट मोजा, लहान लाटांच्या मधल्या वेळात सरळ काटकोनात आत जा, फोन वॉटरप्रूफ पिशवीत. जमत नसेल तर पांगावाल्याला पैसे देऊन जा, त्यात कमीपणा नाही.

टप्पा तिसरा: काबो, सुमारे १८० मैल

कर्कवृत्त इथे ओलांडलं जातं. वारा अनेकदा मंद, इंजिन बरंच चालतं. शेवटच्या रात्री काबो फाल्सोजवळ मासेमारीच्या बोटी आणि क्रूझ जहाजं यांची गर्दी होते, तेव्हा थकव्याच्या भरात पाळ्या ढिल्या करू नका.

काबोची मरिना महाग आणि भरलेली. बाहेरचा नांगरतळ दक्षिण-पूर्वेला सताड उघडा आहे. डिसेंबर १९८२ मध्ये एका वादळात तिथल्या पंचवीसहून अधिक बोटी एका रात्रीत किनाऱ्यावर फेकल्या गेल्या. विख्यात फ्रेंच दर्यावर्दी बर्नार मोइतेसिए यांची 'जोशुआ' त्यांतलीच. साधारण शांत हवेत तिथे काही होत नाही, जेट-स्कीचा गोंगाट सोडला तर. पण दक्षिणेकडून वारा किंवा मोठी लाट येणार असा अंदाज असेल तर तिथे रात्र काढू नका.

नंतर बोटीचं काय?

हा प्रश्न काबोत पोचल्यावर नव्हे, सॅन डिएगो सोडण्याआधी सोडवा. परत उत्तरेला यायचं म्हणजे तेच ७५० मैल, पण आता वारा, लाट आणि प्रवाह तिन्ही समोरून. या परतीला सगळे 'बाहा बॅश' म्हणतात. ती करायची तर इंजिनावर, पहाटेच्या शांत वेळात, छोट्या टप्प्यांनी आणि चांगल्या हवामानाची दिवसेंदिवस वाट बघत. नोकरीची रजा मोजून आलेल्या जोडप्याने ती स्वतः करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पगारी कॅप्टन बोट परत आणून देतात. त्याची चौकशी आणि त्याचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

दुसरा मार्ग, बोट तिथेच ठेवायची. काबोहून ला पास दीडशेक मैल, वाटेत लॉस फ्राइलेसला नांगर टाकता येतो. ला पासमध्ये मरिना आणि बोटदुरुस्तीचे यार्ड आहेत, आणि १० वर्षांच्या टीआयपीमुळे बोट मेक्सिकोत राहू शकते. तुम्ही विमानाने परत, सुट्ट्यांत पुन्हा हजर. बाहाच्या पूर्वेकडच्या कॉर्तेसच्या समुद्रात हिवाळ्यात उत्तरेचा वारा दिवसचे दिवस जोराने वाहतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत तिथे आराम मिळेल अशी अपेक्षा नको, मार्च-एप्रिल छान. मे महिन्यात पुन्हा चक्रीवादळांचा हंगाम सुरू होतो, तोपर्यंत बोट विमा कंपनीला मान्य असलेल्या जागी बांधलेली किंवा यार्डात उचलून ठेवलेली हवी. यार्डातल्या जागा लवकर भरतात. तुमची जागा जानेवारीतच राखून ठेवा आणि पावती विमा कंपनीला पाठवा.